निर्वासितांच्या मंडळीत आठवडाभर सेवेला जायचे आहे: काय करावे, काय टाळावे?

प्रश्न
तरुण संघाची चिटणीस, सांगली

सर्वांना सलाम.

मी सांगलीतील एका ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाची चिटणीस आहे. दिल्लीच्या पश्चिम भागात, विकासपुरी आणि उत्तमनगरच्या परिसरात, म्यानमारच्या चिन राज्यातून आलेली निर्वासित कुटुंबे पुष्कळ वर्षांपासून राहतात. (नावामुळे गैरसमज होतो म्हणून सांगते, चीन देशाशी या लोकांचा संबंध नाही. मिझोरामला लागून असलेल्या डोंगराळ भागातील हे लोक असून त्यांच्यापैकी बहुतेक ख्रिस्ती आहेत.) हाखा, फालाम, तेदिम अशा आपापल्या बोलीप्रमाणे त्यांच्या मंडळ्या भाड्याच्या जागांत भरतात. अशा एका मंडळीच्या पाळकांशी आमच्या पाळकसाहेबांची ओळख झाली आणि दिवाळीच्या सुट्टीत आमच्यातील आठ जणांनी तेथे आठवडाभर राहून सेवा करावी, असे पंचमंडळाने ठरवले.

आम्ही उत्साहाने तयारीला लागलो. सकाळी मुलांसाठी बायबल शाळा, दुपारी कपड्यांचे आणि शिध्याचे वाटप, तीन दिवस संध्याकाळी वचनाच्या सभा आणि शेवटच्या दिवशी आरोग्य शिबिर असा कार्यक्रम कागदावर तयार झाला. आवाहन केल्यावर कपड्यांची अकरा पोती जमली. प्रवासखर्चासाठी मंडळीतील लोकांनी पैसे दिले, त्यांत रोजंदारीवर जाणाऱ्या बायकाही आहेत, आणि त्यांच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब देणे मी माझे कर्तव्य समजते.

मागच्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या मंडळीतील एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारले, "पोरी, यातलं त्यांनी काय मागितलंय?" मला उत्तर देता आले नाही, कारण त्यांना आमच्यापैकी कोणीच काही विचारलेले नव्हते. आजोबा पुढे म्हणाले, की ज्यांनी आपली देवळे जळताना पाहिली आणि तरीही भाड्याच्या खोलीत उपासना चालू ठेवली, त्यांना वचन ऐकवायला आपण निघालो आहोत, तर जाण्याआधी थोडे थांबून विचार करा. तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही.

या मंचावर अशी सेवा केलेली माणसे आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून विचारते. आठवडाभरात खरोखर उपयोगाचे असे काय करता येते? आम्हाला त्यांची भाषा येत नाही आणि आमची हिंदीही बेताची आहे, तर त्यातून मार्ग कसा काढावा? देणगीदारांना अहवाल द्यायचा तर छायाचित्रे काढावीत का? आणि कायद्याच्या दृष्टीने काही काळजी घ्यावी लागते का?


उत्तर
निवृत्त परिचारिका, मिरज

ताई, तुमच्या मंडळीतील आजोबांना माझा सलाम सांगा. त्यांनी विचारलेला प्रश्न मला जाण्यापूर्वी कोणी विचारला असता तर माझे पहिले तीन दिवस वाया गेले नसते.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही चौघी जणी त्याच परिसरातील एका चिन मंडळीत आठ दिवस राहिलो होतो. आम्हीही तुमच्यासारखाच तासातासाचा कार्यक्रम नेला होता. रविवारच्या उपासनेत पाळकांनी आमचे स्वागत केले, आमचा कागद नम्रपणे घेतला आणि घडी करून खिशात ठेवला. ती उपासना तीन तास चालली. देवाला ते पाथियन म्हणतात, एवढा एक शब्द मी दुसऱ्या प्रार्थनेपर्यंत ओळखू लागले. गाण्याच्या वेळी माझ्या शेजारच्या बाईंनी स्वतःची वही माझ्यासमोर धरली. तिच्यात ओळींच्या वर सुरांसाठी बारीक अक्षरे लिहिलेली होती आणि त्या अक्षरांच्या मधे आपल्या विसर्गासारखी दोन दोन टिंबे होती. ती टिंबे म्हणजे मात्रा, हे त्यांनी बोट ठेवून मला शिकवले. पेटी नाही, तबला नाही, आणि साठ-सत्तर माणसे चार वेगवेगळ्या सुरांत एकत्र गात होती. या लोकांना काय शिकवायला आपण आलो आहोत, हा विचार त्या क्षणी माझ्या मनात प्रथम आला.

सोमवारी आमचे वाटप सुरू व्हायचे होते, पण पहाटे पाळकांच्या पत्नी दारात आल्या. त्यांच्या मंडळीतील एका वृद्ध गृहस्थांना दोन महिने खोकला होता आणि ते सरकारी रुग्णालयातून दोनदा तपासणी न होताच परत आले होते. माझ्याबरोबर कोणी येईल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी गेले, आणि मग उरलेला सगळा आठवडा मी तेच काम केले.

ते गृहस्थ परत का आले होते, हे रांगेत उभे राहिल्यावर अर्ध्या तासात कळले. आपण ज्याला केसपेपर म्हणतो त्याला तिकडे पर्ची म्हणतात. पर्चीच्या खिडकीवरचा माणूस नाव, वय, पत्ता आणि कोणत्या विभागात जायचे हे एका दमात विचारतो, आणि समोरच्याला तीन सेकंदांत उत्तर देता आले नाही तर मागची रांग त्याला बाजूला सारते. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो, पण ज्याला हिंदी येत नाही त्याचा दिवस तिथेच संपतो. आम्ही पर्ची काढली, थुंकीची तपासणी झाली, आणि दोन दिवसांनी क्षयरोगाचे निदान झाले. क्षयावरील औषधे सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात. ज्या गावात मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ मध्ये रुग्णालय बांधले आणि पुढे ज्यांच्या नावाने वॉनलेसवाडीचे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम उभे राहिले, त्या मिरजेत माझी सगळी नोकरी गेली. क्षयाच्या रोग्याची भीती मला कधी वाटली नाही. ती त्यांच्या घरच्यांना मात्र फार होती. एका खोलीत सात माणसे झोपत होती. घरातल्या सगळ्यांना तपासून घेणे, खिडकी उघडी ठेवायला सांगणे आणि औषध मधेच सोडले तर काय होते ते पुन्हा पुन्हा समजावणे, यात माझे दोन दिवस गेले. गोळ्यांच्या पाकिटांवर मी अक्षरे लिहिली नाहीत. सकाळच्या गोळीवर उगवता सूर्य, दुपारच्या गोळीवर पूर्ण सूर्य आणि रात्रीच्या गोळीवर चंद्रकोर काढली. असे मी मिरजेला वर्षानुवर्षे करत आले आहे. तिथेही ते लगेच समजले.

आता मुख्य गोष्ट सांगते. पहिल्या दिवसापासून मी त्यांच्या मंडळीतील एका वीस-बावीस वर्षांच्या मुलीला बरोबर घेतले होते, कारण तिला थोडी हिंदी येत होती. पहिल्या दिवशी मी बोलले आणि तिने ऐकले. दुसऱ्या दिवशी पर्ची तिने काढली. तिसऱ्या दिवशी कोणत्या मजल्यावर काय आहे, रक्त कुठे घेतात, अहवाल किती वाजता मिळतो, हे सगळे तिने एका वहीत तिच्या भाषेत लिहून घेतले. शुक्रवारी ती पुढे चालत होती आणि मी तिच्या मागून. आमच्या आठ दिवसांच्या सेवेतील आमच्यामागे टिकलेली वस्तू विचाराल तर ती वही आहे. तुमच्याबरोबर परिचारिका नसली तरी हे काम होते, कारण त्याला वैद्यकीय ज्ञानापेक्षा रांगेत न कंटाळता उभे राहण्याची तयारी जास्त लागते.

एक चूकही सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. मंगळवारी एका आईची परिस्थिती पाहून मला राहवले नाही आणि मी तिच्या हातात दोन हजार रुपये ठेवले. संध्याकाळपर्यंत तीन बायका आमच्या दारात आल्या. त्यांच्यापैकी एकीची अडचण त्या पहिल्या आईहून कितीतरी मोठी होती आणि माझ्याकडे द्यायला काही उरले नव्हते. पाळकांनी मला दोष दिला नाही. त्यांनी इतकेच सांगितले, की त्यांच्याकडे मदतीची पेटी आहे आणि या आठवड्यात कोणाची चूल पेटली नाही हे त्यांच्या वडीलजनांना ठाऊक असते. बाहेरून आलेल्या माणसाला चार दिवसांत ते कळणे शक्य नाही. यापुढे जे द्याल ते पेटीत द्या.

शिध्याच्या वाटपाबद्दल वेगळे काही न सांगता एका रात्रीची हकिकत सांगते. तिथल्या काही बायका रात्री भाजीबाजार उठल्यावर टाकून दिलेली भाजी वेचायला जातात. बुधवारी रात्री साडेदहाला मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. मोबाइलच्या उजेडात त्या फ्लॉवरचे देठ, एका बाजूने फुटलेले टोमॅटो, वरची पाने काढल्यावर आतून चांगला निघणारा कोबी निवडत होत्या. त्यांचे हात इतके सराईत होते की मी एक टोमॅटो पारखेपर्यंत त्यांचे दहा पिशवीत गेलेले असत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्यापैकी एकीने आम्हा चौघींना जेवायला बोलावले. तीच भाजी होती, भात होता आणि एक अंडे चार भाग करून आमच्या चौघींच्या ताटांत वाढलेले होते. घरातल्या मुलांच्या ताटांत अंडे नव्हते. मला घास गिळवत नव्हता, पण नाही म्हणणे हा त्या माउलीचा अपमान झाला असता. तुम्हालाही असे जेवायला बोलावतील. जरूर जा आणि वाढलेले पूर्ण खा.


उत्तर
सांगलीवाडीचा रहिवासी

वरील उत्तर वाचून कपड्यांच्या पोत्यांबद्दल लिहावेसे वाटले, कारण मदत घेणाऱ्याच्या जागी आम्ही स्वतः राहिलेलो आहोत.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात, त्यावरून बाहेरगावच्या वाचकांना कल्पना येईल. आम्ही नऊ दिवस एका शाळेच्या वर्गात होतो. महाराष्ट्राने त्या वेळी सांगलीसाठी जे केले त्याचे ऋण मी जन्मभर मानीन, आणि म्हणूनच पुढचे लिहिताना माझ्या मनात कोणाविषयी कडवटपणा नाही. कपडे इतके आले की शाळेच्या व्हरांड्यात त्यांचा ढीग लागला, पावसाने भिजला आणि त्याला वास येऊ लागला. त्या ढिगात नक्षीकामाच्या साड्या होत्या, कोट होते, एका पायाचे बूट होते. माझ्या आईला मात्र अंतर्वस्त्रे हवी होती आणि ती कोणाजवळ मागायची हे तिला समजत नव्हते. बहिणीला सॅनिटरी पॅड हवे होते. पाणी उतरल्यावर आम्हाला खराटा, फावडे, फिनेल, चटई आणि कोरडी काडेपेटी हवी होती.

एका खेड्यातून वीसेक तरुण ट्रॅक्टर आणि पाण्याचा टँकर घेऊन आले होते. त्यांच्यातील एकाने माझ्या वडिलांना विचारले, "काका, कुठनं सुरू करू?" वडिलांनी देवघराकडे बोट दाखवले. आम्हा मुलांच्या मते आधी स्वयंपाकघर स्वच्छ करायला हवे होते, पण त्या पोरांनी वडिलांचेच ऐकले आणि देवघरातला चिखल हातांनी काढला. वडील त्या नऊ दिवसांत प्रथमच तिथे रडले. आज इतक्या वर्षांनी आलेल्या पाकिटांपैकी एकही त्यांना आठवत नाही, पण त्या मुलाचा प्रश्न ते अजून सांगतात.

म्हणून ताई, तुमची अकरा पोती दिल्लीला नेण्यापूर्वी उघडा आणि एकेक कपडा हातात घेऊन पाहा. तिथे थंडी कडक असते, तेव्हा लहान मुलांचे स्वेटर आणि जाड पांघरुणे जरूर न्या. बाकीचे कपडे नेण्याआधी त्यांना फोन करून विचारा.


उत्तर
निवृत्त शिक्षक, सातारा

या चर्चेत सातारा-सांगलीच्या इतिहासातील दोन-तीन गोष्टींची भर घालतो, कारण त्या तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेल्या आहेत असे मला वाटते.

१८१२ साली अमेरिकेतील सेलम या गावी पाच तरुणांना एकाच दिवशी मिशनरी सेवेची दीक्षा मिळाली. त्यांच्यापैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. हीच मिशन पुढे आपल्या साताऱ्यात आणि वाईत आली. त्याच पाचांपैकी अडोनिराम जडसन हे कलकत्त्यास आल्यावर बाप्तिस्त या ख्रिस्ती पंथाचे झाले आणि १८१३ च्या जुलैत रंगूनला गेले. ब्रह्मदेशात बाप्तिस्त मंडळी रुजली ती त्यांच्यापासून, आणि त्याच परंपरेतील अमेरिकन बाप्तिस्त मिशनरी १८९९ मध्ये हाखाच्या डोंगरात पोहोचले. म्हणजे सांगली-साताऱ्याचा ख्रिस्ती माणूस आणि हाखाचा ख्रिस्ती माणूस हे एकाच घरातून निघालेल्या दोन भावांचे वंशज आहेत. तुम्ही तिथे जाल तेव्हा मोठ्या मंडळीने लहान मंडळीला भेट दिली असे समजू नका. चुलतभावाच्या घरी अडचणीच्या वेळी जातो तसे जा.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियाने सैबेरियाकडे हाकलून दिलेली पोलिश कुटुंबे इराणमार्गे भारतात आली आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे त्यांची सुमारे ५,००० माणसांची वसाहत होती. त्यांच्यातील आजारी माणसांची आणि काही मुलांची सोय आपल्या पाचगणीस केलेली होती. वळिवड्यात त्यांचे स्वतःचे चर्च होते, स्वतःचे धर्मगुरू होते, पोलिश भाषेतून शिकवणाऱ्या शाळा होत्या. आपल्या लोकांनी त्यांना जमीन, पाणी आणि बाजार दिला, आणि उपासना त्यांची त्यांनी केली. आज वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे. पाहुणचार कसा करावा हे आपल्या भागाला ऐंशी वर्षांपूर्वी माहीत होते, त्यामुळे त्यासाठी दूरचे आदर्श शोधण्याची गरज नाही.

याच साताऱ्यात १९१७ साली रेव्हरंड ना. वा. टिळकांनी "देवाचा दरबार" सुरू केला. परदेशी मिशनच्या चौकटीबाहेर राहून, आपल्या भाषेत आणि आपल्या चालींवर येथील माणसाला देवाला भेटता यावे, ही त्यांची तळमळ होती. जी मोकळीक आपल्यासाठी टिळकांना हवी होती, ती चिन मंडळीलाही तुम्ही द्यावी. त्यांच्या उपासनेत तुमच्या सभांचा कार्यक्रम बसवण्याचा आग्रह धरू नये.

पैशांबद्दल एक सूचना करतो. मिझोराममधील मंडळ्यांत "बुहफाई थाम" नावाची पद्धत आहे. घरातील बाई प्रत्येक वेळी भात शिजवण्यापूर्वी मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढून ठेवते आणि तो नंतर मंडळीत जमा होतो. १९१० पासून ही प्रथा चालू आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर तियाऊ नदी ओलांडून ३०,००० हून अधिक माणसे मिझोराममध्ये आली, तेव्हा तेथील घरांनी आणि मंडळ्यांनी त्यांना आपल्या ताटातले दिले. ही गोष्ट वाचताना सातारकराला कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड आठवल्याशिवाय राहत नाही. घरोघरच्या मूठभर धान्यावर रयतेच्या वसतिगृहांतील पोरे जेवली. तुमच्या मंडळीत असा एक डबा वर्षभर ठेवा आणि दर महिन्याला जे जमेल ते त्यांच्या मदतीच्या पेटीत पाठवा. आठ जणांच्या रेल्वेभाड्याची रक्कम एकदा मोजून पाहा, आणि आठांऐवजी चौघे गेले तर त्या पैशांत काय काय होईल याचाही हिशेब मांडा.


उत्तर
वकील, कराड

ताईंनी कायद्याबद्दल विचारले आहे, त्यापुरते लिहितो.

निर्वासितांच्या संरक्षणासाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि त्याला जोडलेला १९६७ चा पूरक करार, या दोन्हींवर भारताने स्वाक्षरी केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. कायद्याच्या नजरेत ही माणसे परदेशी नागरिक ठरतात. दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचे कार्यालय आहे, ते चौकशी करून त्यांना ओळखपत्र देते, आणि मिझोराममध्ये आप्त असूनही अनेक चिन कुटुंबे दिल्लीला येऊन राहिली त्याचे एक मोठे कारण हे कार्यालय आहे. परंतु ते ओळखपत्र भारत सरकारचे नसल्यामुळे बँकेतील खाते, मोबाइलचे सिमकार्ड, घराचा करारनामा, कायदेशीर नोकरी, अशा प्रत्येक ठिकाणी त्यांना अडचण येते. त्यांच्यापैकी पुष्कळजण लहान कारखान्यांत तोंडी बोलीवर काम करतात आणि मजुरी बुडाली तरी तक्रार करायला घाबरतात.

याचा अर्थ त्यांना कोणताच आधार नाही असा नाही. जीविताचा हक्क देणारा घटनेचा अनुच्छेद २१ नागरिक नसलेल्यांनाही लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमा लोकांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. धर्मस्वातंत्र्याचा अनुच्छेद २५ सुद्धा "सर्व व्यक्तींना" असे म्हणतो, फक्त नागरिकांना नव्हे. त्यामुळे त्यांच्या उपासनेत बसण्यात, आजाऱ्याबरोबर रुग्णालयात जाण्यात किंवा मुलांना हिंदी शिकवण्यात काहीही गैर नाही.

तीन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. कोणालाही तिसऱ्या देशात पाठवण्याबद्दल आश्वासन देऊ नका, शब्द टाकतो असेही म्हणू नका. अमेरिका, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात पुनर्वसन होईल या आशेवर ही कुटुंबे वर्षानुवर्षे थांबलेली असतात आणि तुमचे एक सहज वाक्य त्यांच्या घरात महिनाभर चघळले जाते. कोणाच्याही ओळखपत्राची प्रत स्वतःजवळ घेऊ नका.

छायाचित्रांच्या बाबतीत माझे मत अगदी ठाम आहे: चेहरे दिसतील असे एकही छायाचित्र समाजमाध्यमांवर जाता कामा नये. या माणसांचे आईवडील आणि भावंडे अजून चिन राज्यात आहेत. तेथील थांतलांग नावाचे गाव सप्टेंबर २०२१ पासून लष्कराच्या हल्ल्यांत जळत गेले, आणि लागलेली आग विझवायला धावलेल्या एका तरुण बाप्तिस्त पाळकालाच गोळी घालण्यात आली. दिल्लीतील एका चेहऱ्यावरून तिकडे कोणाचे दार ठोठावले जाईल, हे आपण येथे बसून सांगू शकत नाही. देणगीदारांना अहवाल हवा असेल तर खर्चाच्या पावत्या, केलेल्या कामाची टिपणे आणि त्या मंडळीच्या वडीलजनांचे पत्र पुरेसे आहे.


प्रश्नकर्तीचे उत्तर
तरुण संघाची चिटणीस, सांगली

सर्वांची मनापासून आभारी आहे. उत्तरांच्या छापील प्रती काढून मी पंचमंडळासमोर ठेवल्या, आणि आजोबांना त्या मोठ्याने वाचून दाखवल्या.

काल रात्री आमच्या पाळकसाहेबांनी दिल्लीला फोन लावला आणि तुम्हाला आमच्याकडून काय हवे आहे, असे सरळ विचारले. पलीकडे काही वेळ कोणी बोललेच नाही. मग तेथील पाळकांनी सांगितले, की रुग्णालयात बरोबर येईल असे कोणी हवे आहे. बायकांना बसवरची पाटी आणि औषधाचे नाव वाचता येईल इतपत हिंदी अक्षरे शिकायची आहेत. मंडळीकडे शिलाईची चार यंत्रे आहेत, त्यांपैकी तीन बंद पडलेली आहेत. वचनाच्या सभांबद्दल ते काही बोलले नाहीत. एक संध्याकाळ तुमची मराठी गीते आम्हाला शिकवा आणि आमची तुम्ही शिका, असे मात्र ते आपणहून म्हणाले.

त्यामुळे आता आम्ही आठ नव्हे, चौघे जात आहोत. परिचर्येच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी, जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक शिक्षिका, शिलाई यंत्रे दुरुस्त करणारे आमच्या मंडळीतील एक काका, ज्यांचे नाव पहिल्या यादीत नव्हतेच, आणि मी. उरलेल्या चौघांच्या भाड्याचे पैसे ज्यांनी दिले होते त्यांना विचारूनच ते मदतीच्या पेटीत द्यायचे ठरले. महिला मंडळाने अकरा पोती उघडून निवडली, त्यांतून स्वेटर आणि पांघरुणांची दोन पोती झाली. बाकीच्या धड कपड्यांबद्दल आम्ही दिवाळीनंतर कारखान्यावर येणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या टोळीतील बायकांना आधी विचारणार आहोत. मुष्टीचा डबा येत्या रविवारपासून देवळाच्या दाराशी ठेवला जाईल, आणि पहिली मूठ आजोबा टाकणार आहेत.

मिरजेच्या बाईंना एक विचारायचे राहिले. गोवा एक्सप्रेसने आम्ही निजामुद्दीनला उतरू आणि दुसऱ्याच दिवशी एका आजींना घेऊन रुग्णालयात जायचे आहे. पर्चीच्या रांगेसाठी घरातून किती वाजता निघावे?


उत्तर
निवृत्त परिचारिका, मिरज

साडेपाचला निघा. आजींसाठी घडीची खुर्ची किंवा निदान एक स्टूल बरोबर घ्या, कारण खिडकी उघडेपर्यंत बसायला जागा मिळत नाही, आणि थर्मासमध्ये चहा न्या. शिलाई यंत्रांसाठी काकांना वादी, बॉबिन आणि सुया इकडूनच जास्तीच्या घ्यायला सांगा.

तिथे पोहोचल्यावर पाळकांच्या पत्नींना त्या वहीबद्दल विचारा. माझ्याबरोबर येणाऱ्या मुलीचे कुटुंब मागच्या वर्षी कॅनडाला गेले, पण जाताना तिने ती वही दुसऱ्या एका मुलीच्या हाती दिल्याचे मला फोनवर समजले होते. तुमच्याबरोबर बहुधा तीच येईल. तिला पुढे चालू द्या.